पांढऱ्या पेशी म्हणजे प्लेटलेट नव्हेत

आम्ही बचत गटाच्या ताया आज रेडिओवरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींविषयी बोलणार आहोत. पावसाळ्यात तापाची साथ आली की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." मग गटातून कर्ज उचलून तालुक्याला धावाधाव होते. रिपोर्ट वाचून पाहावा, तर बऱ्याचदा कमी झालेल्या असतात प्लेटलेट! दोन्हींना आपण नुसतं 'पेशी' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. आधी हा गुंता सोडवू.

रक्तात तीन तऱ्हेच्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. हिमोग्लोबिन असतं ते त्यांच्यातच. प्लेटलेट जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात. आणि पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. रिपोर्टमध्ये प्लेटलेटचा आकडा लाखात असतो, साधारण दीड ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशींचा आकडा हजारात असतो. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,०००. त्याच्यापुढे डब्ल्यूबीसी किंवा टीएलसी लिहिलेलं असतं.

या पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. त्यांचे पाच प्रकार आहेत.

पहिल्या न्यूट्रोफिल. शंभरात साधारण ४० ते ७५ याच असतात. विळा लागला, काटा रुतला, की सगळ्यात आधी या धावतात, जंतू गिळतात आणि स्वतः मरतात. पिकलेल्या जखमेतला पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशीच.

दुसऱ्या लिम्फोसाइट, शंभरात २० ते ४०. यांतल्या काही जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, काही विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारतात. एकदा भेटलेला जंतू त्या लक्षात ठेवतात. बाळाला दिलेली लस याच आठवणीवर काम करते. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? तिथल्या गाठीत या पेशींची लगबग वाढलेली असते, म्हणून ती सुजते.

तिसऱ्या मोनोसाइट. संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करतात. चौथ्या इओसिनोफिल. जंत, दमा, ॲलर्जी असेल तर या वाढतात. पाचव्या बेसोफिल, शंभरात जेमतेम एखादी. ॲलर्जीत खाज आणि सूज आणण्यात यांचा हात असतो.

आता आकडा बिघडतो कधी? जंतुसंसर्ग, भाजणं, मोठी जखम, स्टिरॉइडची औषधं यांनी पांढऱ्या पेशी वाढतात. गरोदरपणात आणि बाळंतपणाच्या वेळी त्या आपसूकच वाढतात. लहान मुलांत तर मुळातच जास्त असतात. म्हणून आकडा ११,००० च्या वर दिसला की घाबरून जाऊ नका, आणि दुकानातून अँटिबायोटिकही आणू नका. कारण काय, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डेंग्यूत प्लेटलेटबरोबर पांढऱ्या पेशीही कमी होतात. ताप बरा झाला की बहुधा दोन्ही आपोआप भरून येतात. पण नुसत्या आकड्याकडे बघत बसू नका, माणसाकडे बघा. ताप उतरताना पोटात सतत दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. पपईच्या पानांच्या रसावर वेळ घालवू नका.

कॅन्सरच्या औषधांनीही पांढऱ्या पेशी फार कमी होतात. अशा माणसाला थोडासाही ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालयात न्या. एचआयव्हीचा विषाणू लिम्फोसाइटवरच घाला घालतो. त्याची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि ती नियमित घेतली तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये मगजात अर्धवट वाढलेल्या पेशी बेसुमार तयार होतात. आकडा कधी लाखावर जातो, तर कधी कमीही दिसतो. बरेच दिवस न हटणारा ताप, अंग पांढरंफटक पडणं, काळे-निळे डाग, गाठी, हाडं दुखणं, अशा खुणा असतील तर 'बाहेरचं' म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नका. मुलांमध्ये हाच कॅन्सर जास्त आढळतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर अनेक मुलं पूर्ण बरी होतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. घरदार गहाण टाकण्याआधी तिथे चौकशी करा.

तर मैत्रिणींनो, यापुढे कुणी "पेशी कमी झाल्या" म्हणालं, की दोन प्रश्न विचारायचे. कोणत्या पेशी? आणि आकडा किती? जुने रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवला की डॉक्टरांना आजाराची चाल कळते. पुढच्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर घरातला एकेक रिपोर्ट आणा. आशाताईंना बोलावू आणि सगळ्या मिळून वाचायला शिकू.