यंत्रयुग आणि राज्यसत्ता



कारखाना केवळ माल निर्माण करीत नाही. तो राज्यव्यवस्थाही बदलतो. 1832 पूर्वी इंग्लंडमधील ओसाड ओल्ड सॅरम पार्लमेंटात दोन प्रतिनिधी धाडी. गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा स्वतंत्र प्रतिनिधी एकही नव्हता. शहरी कामगारांपैकी अनेकांना मताधिकार लाभण्यास 1867 उजाडले.

जर्मनीत बिस्मार्कने 1878 मध्ये समाजवादी संघटनांवर बंदी घातली आणि 1883 मध्ये कामगारांना आजारविमा दिला. औषधपाण्याची चिंता हलकी झाली. विश्वास मात्र संपादन झाला नाही. 1912 मध्ये समाजवादी पक्षच तेथील संसदेत सर्वांत मोठा ठरला.

श्रमिकाला राष्ट्राचा भागीदार मानल्यावाचून राष्ट्र एकसंध राहत नाही. 1955 मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांनी स्थापिलेल्या भारतीय मजदूर संघाने वर्गसंघर्ष नाकारून राष्ट्रहित स्वीकारले, त्यामागे हेच सूत्र आहे.