पहिल्या दिवशी सहा जण



१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही आरोग्यविम्याची वेबसाइट खुली केली. लाखो माणसं तिच्यावर धडकली. दिवस संपला तेव्हा विम्यासाठी नोंदणी पूर्ण झालेले लोक होते सहा.

आज पदवी घेऊन या सभागृहातून बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जण लवकरच हिंजवडीत किंवा बंगळुरात प्रॉडक्ट मॅनेजर होतील, काही डेव्हलपर, आणि दोघं एकाच टेबलाशी बसतील. त्यांच्यासाठी ही गोष्ट.

त्या साइटवर पन्नासहून अधिक कंत्राटदार राबत होते. त्याच महिन्यात मुख्य कंत्राटदारांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली. सगळी यंत्रणा एकत्र जोडून तपासायला शेवटचे दोनच आठवडे मिळाले होते. लागणार होते काही महिने. शिवाय अगदी शेवटच्या आठवड्यांत एक बदल आला. खातं न काढता योजना नुसत्या चाळून बघायची सोय बंद करायची. कागदावर एका ओळीचा निर्णय. पण साडी बघायला आलेल्या प्रत्येक बाईला दुकानाच्या दारातच नाव-पत्ता लिहून द्यायला लावावं, तशी गत झाली. नुसतं बघायला आलेलेही खातं काढायच्या रांगेत अडकले आणि तो दरवाजाच तुंबला. असा निर्णय घेताना, दारावर किती भार येईल हे दार बांधणाऱ्याला विचारायलाच हवं.

प्रॉडक्ट मॅनेजरचा हुद्दा मुळातच अवघड जागी बसवलेला आहे. त्याचा उगम १३ मे १९३१ च्या एका टिपणात मानतात. प्रॉक्टर अँड गँबलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी त्यात मागणी केली होती की प्रत्येक ब्रँडची जबाबदारी एका माणसाच्या अंगावर असावी. आज सॉफ्टवेअरमध्येही जबाबदारी अंगावर असते, पण डेव्हलपरचा पगार आणि बढती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाती. म्हणजे हुकूम चालत नाही. चालतो तो विश्वास, आणि ग्राहकाला तारीख देऊन झाल्यावर टीमला एस्टिमेट विचारलं की तो पहिल्याच महिन्यात उडतो.

२००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड इथं जमलेल्या १७ जणांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या अ‍ॅजाइल पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. व्यवसाय बघणारे आणि डेव्हलपर यांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावं, हे त्याच्या तत्त्वांपैकी एक. अनेक ऑफिसांत अ‍ॅजाइलच्या नावानं रोजची उभ्याउभ्या बैठक, म्हणजे स्टँडअप, तेवढी उरली. एकत्र काम करणं मागं पडलं, ही खेदाची गोष्ट आहे.

हेल्थकेअरची साइट सावरायला गूगलमधून आलेले मिकी डिकर्सन यांनी बैठकीचे नियमच बदलले. बैठक अडचण सोडवायला, दोष ढकलायला नाही. ज्याला त्या प्रश्नातलं सगळ्यात जास्त कळतं त्यानं बोलायचं, मग त्याचा हुद्दा काही का असेना. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे अंगाशी येईल, त्यावरच आधी लक्ष द्यायचं. एप्रिल २०१४ पर्यंत, राज्यांच्या स्वतःच्या साइट धरून, ८० लाख लोकांनी विमा निवडला होता.

या तीन नियमांतला दुसरा, म्हणजे ज्याला जास्त कळतं त्यानं बोलायचं हा, सगळ्यात कठीण. डेव्हलपर ‘तीन आठवडे लागतील’ म्हणतो, तेव्हा ‘एका आठवड्यात बसव ना’ हे वाक्य अगदी ओठांवर येतं. चांगला प्रॉडक्ट मॅनेजर तिथं थांबतो. तीन आठवडे नेमके कशात जाणार, हे समजून घेतो आणि काय गाळलं तर चालेल, हे स्वतः सांगतो. ग्राहकाची तक्रार तो चार शब्दांत उरकून तिकिटावर टाकत नाही. फोनवर बोलताना डेव्हलपरला शेजारी बसवतो. डेमोच्या दिवशी माइक ज्यानं ते बांधलं त्याच्या हाती देतो. आणि धोक्याची सूचना आली की ती किरकोळ वाटली तरी लिहून ठेवतो.

अशीच एक सूचना मार्गारेट हॅमिल्टन यांनी दिली होती. अपोलो यानांचं सॉफ्टवेअर त्यांच्या चमूनं एमआयटीत लिहिलं. त्यांची लहान मुलगी सिम्युलेटरशी खेळता खेळता, त्यावरचं लुटुपुटीचं उड्डाण चालू असताना उड्डाणापूर्वीचा ‘पी झिरो वन’ हा प्रोग्रॅम सुरू करून बसली आणि सगळं कोलमडलं. ही चूक अडवणारा कोड घालू द्या, असं हॅमिल्टन म्हणाल्या. अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते असं करणार नाहीत, असं उत्तर मिळालं. कोडऐवजी कागदपत्रांत एक टीप तेवढी गेली. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राकडून परतत असताना अंतराळवीर जिम लव्हेल यांच्या हातून नेमका तोच प्रोग्रॅम सुरू झाला. यानाच्या दिशेची साठवलेली माहिती पुसली गेली आणि ताऱ्यांच्या आधारानं ती पुन्हा जुळवावी लागली.

त्यानंतर हॅमिल्टन यांना तो कोड घालायची परवानगी मिळाली.