प्रवरेच्या उगमाकडे सायकलने



प्रवरेच्या पाण्यावर ज्यांची शेते, साखर कारखाने आणि घरातील नळ चालतात, अशा आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांना ही नदी आवर्तनाच्या तारखा, चाऱ्यांचे क्रमांक आणि पाटकऱ्याची वही यांच्या रूपानेच परिचित आहे. तिच्या उगमाकडे जाण्याचा प्रसंग आला, तर आपण मोटारीत बसून भंडारदऱ्यास जातो, धरणाच्या भिंतीपाशी छायाचित्रे घेतो आणि सायंकाळी परततो. आजच्या व्याख्यानात माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, जिचे पाणी आपण पितो त्या नदीची ओळख तिच्या उलट दिशेने, सायकलवरून आणि सावकाश करून घ्यावी. कारण चढ हा पायांना कळल्यावाचून खोऱ्याची रचना बुद्धीला कळत नाही.

संगमनेरहून निघावे. तेथे उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर, आणि भंडारदऱ्याचा जलाशय भरला म्हणजे त्याचा पृष्ठभाग सातशे चाळीस मीटरांच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून घडलेला असल्यामुळे ही चढण एकसारखी नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे, आणि अकोल्यापर्यंत उसाच्या व कांद्याच्या शेतांमधून सुखाने आलेला प्रवासी विठे घाटात पोहोचताच पहिल्या पायरीची किंमत चुकवू लागतो. अकोल्यास नदीकाठी अगस्तींचे स्थान आहे. तेथे घटकाभर थांबून पाणी भरून घ्यावे, हे भक्तीच्या आणि प्रवासाच्या अशा दोन्ही दृष्टींनी उचित होय.

घाटापलीकडे राजूरचा मुलूख लागतो. जवळच्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठाव केला, आणि 1848 च्या मे महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आज भंडारदऱ्याच्या जलाशयाला त्यांचे नाव दिलेले आहे, ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते. याच टापूत निळवंड्याचे धरण नदीला अडवून उभे आहे. 1970 च्या सुमारास कल्पिलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण 2023 मध्ये झाले. एवढ्या अवधीत कालव्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांची एक अख्खी पिढी म्हातारी झाली, हे सायकल उभी करून पाण्याकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही.

रंधा धबधबा ओलांडून शेंडीस आलो की भिंत समोर येते. दगड आणि चुना यांनी बांधलेले हे विल्सन धरण 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पुरे झाले. पायापासून सुमारे ब्याऐंशी मीटर उंच आणि अकरा टीएमसी पाण्याचा भार पेलणारी ही भिंत ज्या पाथरवटांनी व गवंड्यांनी चढवली, त्यांची नावे गव्हर्नरसाहेबांच्या नावाप्रमाणे कोणी कोरून ठेवली नाहीत.

युरोपात इन नदीच्या काठाने, मालोया खिंडीपासून पसाऊपर्यंत पाचशे किलोमीटरहून लांब असा सायकलमार्ग प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या वरच्या टोकाला आल्प्समधील सरोवरांची ओळ आहे. ती सरोवरे हिमनद्यांच्या काळापासूनची. आपले सरोवर मात्र माणसाने, माणसांच्याच जमिनी बुडवून केले. म्हणूनच शेंडीहून निघणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा वळसा — मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी — हा निव्वळ सौंदर्याचा मार्ग म्हणून पाहता येत नाही. डाव्या हाताला पाणी चकाकत असते, उजवीकडे 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईची रांग उभी असते, आणि रस्त्याच्या कडेला अंगणात गोणपाटावर हिरडा वाळत घातलेला असतो. हिरवट, सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी ती फळे एखादी आजी हाताने पालथी करीत बसलेली असते. ज्यांच्या पायथ्याशी एवढे पाणी साठते, त्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वैशाखात मात्र हंड्यांची पायपीट सुरू होते.

घाटघरला मी नेहमी अधिक वेळ देतो. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस येथे कोसळतो, तर याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी-जामखेडकडे पाचशे-सहाशेवर समाधान मानावे लागते. कड्याच्या टोकावर उभे राहिले की एका बाजूचा थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो, दुसऱ्या बाजूचा प्रवरेतून गोदावरीत जाऊन थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतो. येथील अडीचशे मेगावॉटचा वीजप्रकल्प विजेची मागणी वाढली की पाणी कड्याखाली सोडतो, आणि मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर खेचून घेतो.

रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. त्याची निर्मिती परंपरा शिलाहारांकडे सोपवते. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठे आहेत, त्यांतल्या मूर्तींची झीज बोटांनी चाचपावी इतकी जवळून दिसते. वर रतनगड, आणि त्याच्याच अंगावर आपल्या नदीचा जन्म.

आता विनंती. आषाढाच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी या वळशावर मोटारींची जी रीघ लागते, तिच्या दिव्यांनी काजव्यांचेच लुकलुकणे हरवते. हिरडा, बेहडा आणि ऐनाच्या झाडांवर चालणारा तो खेळ म्हणजे त्या जिवांचा विणीचा काळ आहे. बांधकाम खाते, वनखाते आणि ग्रामपंचायती यांनी मिळून आठवड्यातून निदान एक दिवस, गावकऱ्यांची वाहने, एसटी आणि रुग्णवाहिका वगळून, हा वळसा सायकलींसाठी राखावा. मुक्काम गावांतील घरांत व्हावा आणि भाताचा व भाकरीचा मोबदला त्या घरांनाच मिळावा. रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर प्रवरेच्या पाण्यावर जगणाऱ्या आपण खालच्या लोकांनी तालुका कचेरीत जाऊन आपली हरकत लेखी नोंदवावी.