शार्क दिसला आणि मला आमची बोडी आठवली

(आजच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले बरेच शब्द तसेच ठेवलेत.)



मी भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरकडच्या एका गावातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज मी शार्कसोबत स्कूबा डायव्हिंग केलं त्याबद्दल बोलणार आहे. आमचे मित्र हसतात, म्हणतात, "भंडाऱ्याचा पोट्टा आन् समुद्रात?" त्यांचंही बरोबर आहे. मुंबईचा समुद्र बघायचा तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये आख्खी रात्र काढावी लागते.

पण पाणी आम्हाला नवीन नाही. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव, वैनगंगा, आणि धानाच्या शेताला पाणी द्यायला गावागावात बोड्या. बोडी म्हणजे छोटा तलाव. माझ्या घरामागेच एक आहे.

मी अकरा वर्षांचा असताना माझा वर्गमित्र त्या बोडीत बुडाला. त्याचं नाव घेत नाही. आम्ही तिघं होतो. म्हशी पाण्यात होत्या, तो एका म्हशीची शेपूट धरून आत गेला, आणि मध्येच हात सुटला. मी पाळीवर उभा होतो. मला पोहता येत नव्हतं. मी ओरडत गावाकडे पळालो. माणसं येईपर्यंत उशीर झाला होता.

त्या दिवसापासून आईने मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. गावातल्या सगळ्याच आयांनी तेच केलं. म्हणजे एक पोरगा बुडाला, आणि त्यावर उपाय म्हणून आख्ख्या गावातली पोरं पोहायला शिकली नाहीत. हे लॉजिक चुकलंय, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

ऑफिसच्या ट्रिपला आम्ही मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, तारकर्लीला, पोहता न येणाऱ्यांनाही इन्स्ट्रक्टर सिलिंडरला धरून पाण्याखाली नेतात. मी गेलो. दोन मिनिटांत बोट वर करून खूण केली, वर घ्या म्हणून. मास्कमध्ये थोडं पाणी गेलं होतं, एवढंच. पण माझ्या डोक्यात बोडी होती. बोटीवर सगळे व्हिडिओ बघत होते आणि मी एका कोपऱ्यात बसून थरथरत होतो.

पुण्याला आलो आणि स्विमिंग टँक लावला. वय पंचवीस, आणि आजूबाजूला सात-आठ वर्षांची पोरं. लाज वाटली, पण चार महिन्यांत पोहायला लागलो. मग पैसे साठवून अंदमानला, स्वराज द्वीपवर, म्हणजे आधीचं हॅवलॉक, तिथे ओपन वॉटर कोर्स केला. त्यात १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. आईला फोन केला तर म्हणाली, "पाण्यात मराले पैसे देऊन रायला का तू?"

तिला मी जे समजावलं तेच तुम्हाला सांगतो. दर १० मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून तसेच वर आलात, तर ती हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून पहिला नियम: श्वास कधीच रोखायचा नाही. दुसरा नियम: हळू वर यायचं, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. तिसरा नियम: एकट्याने जायचं नाही. उतरण्याआधी जोडीदाराने तुमचं आणि तुम्ही जोडीदाराचं सगळं तपासायचं. आम्ही ऑफिसात कोड लाइव्ह करण्याआधी चेकलिस्ट मारतो, तसंच. फरक एवढाच, की इथे रोलबॅक नाही.

आता शार्क. कोर्सनंतरची दुसरी डाइव्ह, साधारण १६ मीटर. इन्स्ट्रक्टरने पंजा उभा करून कपाळावर ठेवला. ही शार्कची खूण. एका कपारीखाली व्हाइटटिप रीफ शार्क पडून होता, माझ्याहून थोडा छोटा. पाठीवरच्या पंखाचं टोक पांढरं. बहुतेकांना वाटतं की शार्क थांबला की मरतो. हा प्रकार तळाशी पडून, तोंडाने पाणी ओढून श्वास घेऊ शकतो. दिवसा आराम करतो, रात्री शिकारीला निघतो.

मी गुडघे आवरले, हात छातीशी घेतले आणि नुसता बघत राहिलो. तो उठला, आमच्याकडे न बघता एक वळण घेतलं आणि निळ्यात निघून गेला. वीसेक सेकंद असतील. आम्ही त्याच्या खिजगणतीतही नव्हतो. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी मला आमची बोडी आठवली. सिनेमात ज्याची भीती दाखवतात तो समोर होता, तरी माझा श्वास शांत चालू होता. ज्या पाण्यात म्हशी बसतात, त्याने माझा मित्र नेला होता.

नंतर आकडे बघितले. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारण पाच-दहा माणसं जातात. बुडून? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये सुमारे ३ लाख.

उलट बाजूही बघा. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार खुल्या महासागरातले शार्क आणि रे १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले. कारण मुख्यतः मासेमारी. मालवणच्या लिलावात मी हाताएवढ्या मोऱ्या टोपलीत बघितल्या. मोरी म्हणजे शार्कच. कोळ्यांना नावं ठेवायला मी कोण? त्यांचं पोट त्यावर आहे. पण वाटही निघते. देवमाशाएवढा व्हेल शार्क, जो फक्त प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खातो, त्याला २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. गुजरातच्या किनाऱ्यावर आधी त्याची शिकार व्हायची, आता तेच मच्छीमार जाळं कापून त्याला सोडतात. महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पाण्याखालचं प्रवाळाचं पठार, सर्वांत उथळ भागसुद्धा २० मीटरच्या आसपास खोल. तिथे उतरायचं माझं स्वप्न आहे. अजून तेवढा अनुभव नाही, म्हणून गेलो नाही. हेही डायव्हिंगनेच शिकवलं.

एक विनंती. तुम्ही स्कूबाला गेलात आणि कोणी व्हिडिओसाठी माशांना ब्रेड-बिस्किट टाकायला लागलं, तर नको म्हणा. प्रवाळावर उभे राहू नका. कशाला हात लावू नका.

आणि गावाकडच्यांसाठी, ज्यांना समुद्राशी काही देणंघेणं नाही. पोराला पाण्यापासून लांब ठेवून तो वाचत नाही, पोहायला शिकवून वाचतो. कोणी बुडत असेल आणि तुम्हाला पोहता येत नसेल तर उडी मारू नका. दोर, बांबू, रिकामी प्लास्टिकची कॅन, लुगडं, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगून पाणी काढत बसू नका. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, आणि १०८ ला फोन करा. मला त्या दिवशी यातलं एकही माहीत नव्हतं. बोडीच्या काठावर एक रिकामी कॅन तर नक्की पडलेली होती.

यंदाच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावाच्या पोरीला तलावात नेलं, कमरेला दोर बांधून. आई पाळीवर उभी. आधी खूप बोलली, मग गप्प झाली. पोरीने पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढले, तेव्हा आईने विचारलं, "आन् मोठ्या बाईले शिकता येते का रे?"

येतं. उन्हाळ्यात सुरू करतोय.

भेटू पुढच्या भागात.