रुग्णालयाच्या दाराशी थांबणारा विमा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



आरोग्यविमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालय उभे राहते : खाट, शस्त्रक्रिया, बिल आणि त्या बिलाची भरपाई. परंतु कष्टकऱ्यांच्या आजारपणाचा मोठा भाग रुग्णालयाबाहेर जातो. कापसाच्या धुळीत किंवा दगडखाणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराची फुप्फुसे निकामी होतात, तेव्हा तो आठ-दहा दिवस खाटेवर काढून घरी येतो आणि पुढची वर्षे आपल्या खोलीतच श्वासासाठी झगडतो. तेथे त्याला प्राणवायू पुरवणारे यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पक्षाघात झालेल्याला चाकाची खुर्ची लागते, अंथरुणाला खिळलेल्याला हवेची गादी लागते. ही साधने कोणी द्यावयाची, हा आजचा विषय आहे.

ह्या साधनांना चैन समजणे चूक आहे. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून निर्विवाद दिसून आले की, फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे ज्याच्या रक्तातील प्राणवायू फार घटला आहे, अशा रुग्णाला घरी रोज १५ तास वा त्याहून अधिक प्राणवायू मिळाल्यास त्याचे आयुष्य वाढते. त्याच्यासाठी हे यंत्र औषधच आहे.

आता विम्याची पुस्तिका उघडून पाहा. भरपाई न मिळणाऱ्या ६८ बाबींची एक यादी विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेली आहे आणि ती पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेली असते. सौंदर्यप्रसाधन सेवा, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी ह्यांच्याच पंक्तीत तेथे रुग्णालयाबाहेर वापरण्याचा प्राणवायूचा सिलिंडर, नेब्युलायझर, चालण्याची साधने, हवेची गादी आणि मधुमेह्याची पादत्राणे बसवलेली आहेत! घरच्या उपचारांसाठी एक कलम असते खरे. पण अनेक पॉलिसींत त्याच कलमातून दमा, ब्राँकायटिस, मधुमेह आणि संधिवात वगळलेले असतात. ज्या आजारांना घरच्या उपचारांची सर्वाधिक गरज, नेमके तेच बाहेर.

हा योगायोग नाही. रुग्णालयातला मुक्काम कधीतरी संपतो, त्याचा हिशेब मांडता येतो. जुनाट आजार संपत नाही, म्हणून नफ्याच्या गणितात तो बसत नाही. खेदाची गोष्ट अशी की, सरकारी योजनाही ह्याच साच्यात ओतलेल्या आहेत. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते; पण ते रुग्णालयातील उपचारांपुरते आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांच्या औषधांपुरते. सोळाव्या दिवशी रुग्ण पुन्हा एकटा.

दुसरे काही शक्यच नाही, असे मात्र कोणी सांगू नये. भांडवलशाहीचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतही १९६५ च्या मेडिकेअर कायद्याने वृद्धांसाठी घरी वापरावयाची टिकाऊ वैद्यकीय साधने विम्यात घेतली. डॉक्टरने लिहून दिल्यावर प्राणवायूचे यंत्र भाड्याने मिळते. ३६ महिन्यांनंतर भाडे थांबते, पण पुरवठादाराला पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सेवा द्यावीच लागते. रुग्णाला २० टक्के वाटा सोसावा लागतो, हा त्यातला दोष आहेच. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून, तज्ज्ञाच्या शिफारशीने व पूर्वपरवानगीने, घरच्या कॉन्सन्ट्रेटरचा खर्च ठरावीक मर्यादेत परत मिळतो. सरकारला मार्ग ठाऊक आहे. तो खाणकामगाराच्या झोपडीपर्यंत नेण्याची इच्छा नाही, इतकेच.

कामगारांचा स्वतःचा विमा म्हणजे राज्य कामगार विमा योजना. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. कृत्रिम अवयव, श्रवणयंत्रे, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या ह्या तिच्यात दयेने नव्हे, हक्काने मिळतात. परंतु २०१९ साली मालकाची वर्गणी ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली गेली. दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधे अपुरी असताना मालकांना दिलेली ही सवलत कोणाच्या श्वासातून वसूल होते, हे आपण विचारले पाहिजे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. डॉक्टरने आवश्यक ठरवलेले घरचे साधन औषध मानून प्रत्येक सार्वजनिक योजनेत आले पाहिजे. महागडी यंत्रे तालुक्याच्या रुग्णालयातून वापरावयास मिळाली पाहिजेत आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे. विजेचाही विचार झाला पाहिजे : ३५० वॅटचे यंत्र रोज १५ तास चालले, तर महिन्याला सुमारे १५७ युनिट वीज जाते. यंत्र फुकट मिळाले आणि बिलापायी ते बंद ठेवावे लागले, तर काय साधले?

मागणीबरोबर रोजचे कामही हवे. रुग्णाला घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर कोणते साधन, किती तास आणि कशासाठी, हे डॉक्टरकडून लिहून घ्यावे. कंत्राटी कामगाराची राज्य विम्यात नोंद आहे की नाही, हे तपासावे. निवृत्तांना त्या योजनेत नाममात्र वर्गणीवर उपचार चालू ठेवता येतात, हे त्यांना सांगावे. खासगी कंपनीने दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आले किंवा समाधान न झाले, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबईत व पुण्यात कार्यालये आहेत.

प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत घरोघर जाऊन, कोण कोणत्या साधनावाचून दिवस कंठतो आहे, ह्याची यादी करावी. ती यादी घेऊनच आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी जाऊ.