संकर, निवड आणि नोंद : गोड्या पाण्यातील कोळंबीची कथा



निळ्या, लांब नांग्यांची एक मोठी कोळंबी आपल्या नद्यांत राहते. बंगालमध्ये ती ‘गलदा चिंगडी’, केरळात ‘आट्टुकोंजु’, तर व्यापारात ‘स्कॅम्पी’. शास्त्रज्ञ तिला मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी म्हणतात. ती वाढते गोड्या पाण्यात. पण तिच्या पिल्लांना जगण्यासाठी निमखारे पाणी लागते. शाओ-वेन लिंग यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मलेशियातील पेनांग येथे हे रहस्य उलगडले आणि या कोळंबीच्या शेतीचा मार्ग मोकळा झाला.

भारतात ही शेती विशेषतः आंध्र प्रदेशात भरभराटीस आली. मात्र २००५-०६ नंतर तिला उतरती कळा लागली. रोग आले, वाढ मंदावली, आणि २००९ पासून परदेशी व्हॅनामेई कोळंबीने अनेक तळी व्यापली. त्याखेरीज एक कारण शेतकऱ्याच्या नित्याच्या व्यवहारातच दडलेले होते. तळ्यातील लवकर वाढलेल्या कोळंब्या आधी बाजारात जात. मागे रेंगाळलेल्यांतून अंडी धारण केलेल्या माद्या बीजनिर्मितीसाठी निवडल्या जात. म्हणजे उत्तम ते विकले आणि उरलेल्यांतून वंश चालवला! शिवाय एका मादीपासून हजारो पिल्ले मिळतात, त्यामुळे मोजक्याच माद्यांवर काम भागे. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या आप्तांतच प्रजनन होत राहिले. असा ऱ्हास एका हंगामात डोळ्यांना दिसत नाही.

यावर उपाय म्हणून भुवनेश्वरजवळील कौशल्यगंगा येथील केंद्रीय गोडेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, अर्थात ‘सिफा’ने, वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने २००७ मध्ये सुधारणेचा कार्यक्रम आरंभिला. गुजरात, केरळ आणि ओडिशा येथील तीन मूळ साठे एकत्र आणले गेले. प्रत्येक साठ्याच्या नरांचा तिन्ही साठ्यांच्या माद्यांशी संयोग घडवायचा, अशी ही पद्धत. तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ जोड्या : तीन शुद्ध आणि सहा संकरित. दूरदूरच्या नद्यांतील आनुवंशिक वैविध्य अशा रीतीने एका कुळात सामावले.

तथापि केवळ संकर म्हणजे सुधारणा नव्हे. संकराने आलेला जोम पुढच्या पिढीत तसाच टिकेल याची शाश्वती नसते. म्हणून संकरानंतर निवड आली. प्रत्येक कुटुंबाची पिल्ले प्रथम वेगळी वाढवायची, त्यांच्या कातडीखाली रंगीत खूण भरायची, मग सर्वांना एकाच तळ्यात सोडायचे. काढणीच्या वेळी प्रत्येकीचे वजन करायचे, खुणेवरून कुटुंब ओळखायचे आणि श्रेष्ठ कुटुंबांतून, सख्खी भावंडे टाळून, पुढचे जनक निवडायचे. हे काम एका पिढीत संपत नाही. पिढीमागून पिढी वजने आणि वंशावळी लिहाव्या लागतात. या परिश्रमांतून निपजलेले वाण ‘सिफा-जीआय स्कॅम्पी’ या नावाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले आहे.

येथेच खरी कसोटी आहे. सुधारित बीज हाती आल्यावर बीजकेंद्राने पुन्हा मूठभर माद्यांवर भागवले, तर वर्षानुवर्षांची कमाई थोड्याच पिढ्यांत विरून जाईल. दुसरी चिंता नद्यांची. अंडी धारण केलेली मादी निमखाऱ्या पाण्याकडे उतरते, वाढलेली पिल्ले पुन्हा वर चढतात. केरळातील वेंबनाड तलावावरील तण्णीरमुक्कम बंधाऱ्यासारखे अडथळे ही वाट अडवतात. नद्यांतील रानटी कोळंबी नाहीशी झाली, तर उद्या संकरासाठी नवे रक्त आणायचे कोठून?

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेला पिढ्यांचा हिशेब ठाऊक असतो. आज वर्गात बसलेल्यांपैकी कोणी उद्या शास्त्रज्ञ होईल, कोणी शेतकरी, कोणी व्यापारी. त्या प्रत्येकाने एवढे ध्यानी धरावे : उत्तम ते सारेच विकून टाकू नये, त्यातील काही पुढच्या पिढीसाठी राखावे, आणि त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी.