हातावरचे घट्टे आणि कागदावरचे नाव

मंडळी, आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या देशातल्या घराची हकीगत सांगणार आहोत. देशाचे नाव फिलिपाईन्स. नकाशा उघडा. आपल्या देशाच्या पूर्वेला बंगालचा उपसागर ओलांडा, ब्रह्मदेश मागे टाका, अजून पुढे जा. तिथे समुद्रात बेटेच बेटे दिसतील. सात हजारांवर बेटे आहेत. तोच हा देश. तिथली माणसे भात खातात, सुकी मासळी खातात. कारली, वांगी, भेंडी, शेवग्याचा पाला हे त्यांचे रोजचे कालवण. तेव्हा ही माणसे आपल्याला फार परकी आहेत असे समजू नका.

या देशाच्या उत्तरेला इलोकोस नावाचा मुलूख आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. माणसे पुष्कळ, जमीन थोडी. बापाच्या शेताचे चार वाटे झाले, मुलांच्या वेळी त्या वाट्यांचे पुन्हा वाटे झाले. मग एक दिवस ते तुकडेही गहाण पडतात. हे तुम्हाला आम्ही काय सांगावे?

त्या देशावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९८ साली तो अमेरिकेच्या ताब्यात गेला. प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटे आहेत. तीही त्याच साली अमेरिकेने घेतली. हवाईत उसाचे मोठमोठे मळे होते. ऊस तोडायला माणसे हवी होती. चिनी आणले, जपानी आणले, तरी पुरेनात. मग मळेवाल्यांच्या संघाने फिलिपाईन्समध्ये भरती सुरू केली. २० डिसेंबर १९०६ या दिवशी डोरिक नावाच्या आगबोटीतून पहिली पंधरा माणसे हवाईच्या होनोलुलू बंदरात उतरली. पुढच्या चाळीस वर्षांत अशी सव्वा लाखाच्या आसपास माणसे गेली. बहुतेक सगळे पुरुष. बायका फार थोड्या. आपल्या कोकणातली माणसेही एकोणिसाव्या शतकात अशीच उसासाठी मॉरिशसला गेली होती. ऊस गोड असतो, पण त्याने घरे फार फोडली.

भरती कशी होई ते ऐका. भरती करणारा माणूस गावात येई. रांग लागे. तो म्हणे, "हात दाखव." तळहातावर घट्टे असले तर माणूस पास. हात मऊ निघाला तर घरी जा. लिहिता-वाचता येणारा माणूस मळेवाल्यांना नको असे. शिकलेला माणूस मजुरीचा हिशेब विचारील, करारात काय लिहिले आहे ते वाचील, चार जणांना सांगेल. म्हणून ज्यांना अक्षरओळख होती ते ती लपवीत. आपण आज अक्षर शिकलो म्हणून आनंद मानतो, आणि तिथे माणसाला पोटासाठी ते चोरून ठेवावे लागे. आम्हाला तर ही गोष्ट उपासमारीपेक्षा वाईट वाटते.

आता घराची हकीगत. आम्ही नाव सांगत नाही. हे घर आम्ही पुष्कळ घरांवरून जुळवून सांगतो आहोत. पण यात जे घडते ते त्या लोकांच्या जगण्यातले आहे.

१९२५ साल. नवरा वीस वर्षांचा, बायको सतरांची, पोटात पहिले मूल. शेत सावकाराकडे. हवाईला जाऊन आलेला एक गडी गावात नवे बूट घालून हिंडत होता. अशा माणसाला तिकडे 'हवायानो' म्हणत. हवाई म्हणजे स्वर्ग, असे बोलणे गावोगाव होते. नवरा म्हणाला, "तीन वर्षांचा करार. करार पुरा केला की परतीचे भाडे कंपनी देते. तीन वर्षांत शेत सोडवतो आणि येतो."

त्याचे हात पास झाले. कारकुनाने नाव विचारले आणि ऐकू आले तसे लिहून घेतले. नावातले एक अक्षर चुकले. त्याला वाचता येत नव्हते, त्यामुळे कळले नाही. त्याने अंगठा उठवला. ही चूक लक्षात ठेवा बरं का. ती पुढे एकतीस वर्षांनी आडवी आली.

बोटीच्या तळात दोन-तीन आठवडे काढून तो पोचला. मळ्यावर त्याला नंबरचा बिल्ला मिळाला. पगार त्या नंबरावर, उधारी त्या नंबरावर. मुकादम घोड्यावरून फिरे आणि नंबरानेच हाक मारी. पहाटे भोंगा वाजे. दहा तास ऊस तोडायचा, मोळ्या खांद्यावरून वाहायच्या. पात्याने अंग कापू नये म्हणून भर उन्हात जाड कपडे घालायचे. मजुरी दिवसाला एक डॉलर. तो पोचला त्याच्या आदल्या वर्षीच, ९ सप्टेंबर १९२४ रोजी, कवाई बेटावर हानापेपे गावी मोठी चकमक झाली होती. मजूर दोन डॉलर मजुरी आणि आठ तासांचा दिवस मागत होते. त्या दिवशी सोळा मजूर आणि चार पोलीस मेले. त्यामुळे तो आला तेव्हा मळ्यावर सगळे खालच्या आवाजात बोलत.

त्याच्या खोलीत एक वयाने मोठा सोबती होता. मोठ्या भावाला ते लोक 'मनोंग' म्हणतात. हा मनोंग चार इयत्ता शिकलेला. भरतीच्या वेळी त्याने ते सांगितले नव्हते. तळहातावर घट्टे दिसावेत म्हणून महिनाभर आधीपासून दगड फोडले होते. आता तो रात्री दिव्याशी बसून सगळ्या चाळीची पत्रे लिहून देई. आमच्या गड्याची पत्रेही तोच लिही. नवऱ्याने बायकोला काय लिहायचे ते तिसऱ्याला सांगायचे म्हणजे संकोच वाटतोच. म्हणून पत्रात नेहमी तेच, "मी बरा आहे. पैसे पाठवले आहेत. मुलगा काय करतो?"

तीन वर्षे झाली. शेत अर्धेच सुटले होते. आणखी एक वर्ष, मग आणखी एक. १९३४ साली अमेरिकेने कायदा केला आणि फिलिपाईन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसे येतील असे ठरवले. हवाईच्या मळ्यांना गरज पडली तर मजूर आणायची तेवढी सवलत ठेवली. हात आणायला दार उघडे, घर आणायला बंद. १९४१ च्या डिसेंबरात जपानने एकाच वेळी हवाईवर आणि फिलिपाईन्सवर हल्ला केला. मग तीन-चार वर्षे पत्र नाही, पैसा नाही. बायको जिवंत आहे की नाही हेही त्याला कळत नव्हते.

अशा वेळी ही माणसे जगली कशी? एकमेकांच्या आधाराने. पगारातून ठरावीक पैसे टाकायचे आणि आळीपाळीने उचलायचे, आपल्या भिशीसारखे. कोणी मेला तर वर्गणी काढून माती द्यायची. मळ्यावर एखादेच बायकामुलांचे घर असे. ती बाई चाळीतल्या पुरुषांचे कपडे धुऊन, जेवण करून चार पैसे मिळवी. तिच्या घरी मूल झाले की नाव ठेवायच्या दिवशी अनेक जण त्याचे धर्मपिता होत. ज्यांची स्वतःची मुले समुद्रापलीकडे होती ते या एका मुलासाठी खाऊ आणत.

१९४६ साली पुष्कळ गोष्टी एकदम बदलल्या. ४ जुलैला फिलिपाईन्स स्वतंत्र झाला. त्याच महिन्यात अमेरिकेने आणखी एक कायदा केला. त्यामुळे तिथे राहणाऱ्या फिलिपिनो माणसाला अमेरिकेचा नागरिक होता येऊ लागले. आणि १ सप्टेंबरला हवाईच्या जवळजवळ सगळ्या उसाच्या मळ्यांवर संप सुरू झाला. पंचवीस हजारांहून अधिक कामगार, एकोणऐंशी दिवस. पूर्वी जपानी मजूर वेगळे, फिलिपिनो वेगळे, आणि मालक एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करीत. या वेळी सगळे एका स्वयंपाकघरात जेवले. संप जिंकला. मजुरी वाढली.

आता बायकोला आणायला वाट झाली. नागरिक झालेल्या माणसाची बायको आणि लहान मुले यांना वर्षाच्या आकड्याची आडकाठी नव्हती. पण नागरिक होण्याची एक अट होती. इंग्रजीतले साधे वाक्य वाचता आणि लिहिता आले पाहिजे. खूप वर्षे तिथे काढलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना कायद्याने सूट दिली. आमचा गडी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. सूट नाही.

आता गंमत पाहा. ज्या देशाच्या मळेवाल्यांनी त्याला निरक्षर म्हणून पसंत केले, तोच देश आता म्हणाला, लिहून दाखव.

तो शिकायला बसला. मनोंगच त्याचा मास्तर. दिवसभर कोयता धरलेल्या बोटांत पेन्सिल राहीना. कधी टोक मोडे, कधी कागद फाटे. तुम्हाला हे ठाऊक आहे. तुमचीही पहिली पाटी आम्ही पाहिली आहे. दोन वर्षे लागली. १९५५ साली तो परीक्षेला गेला, वाक्य लिहिले आणि नागरिक झाला. मनोंगने स्वतः अर्ज केला नाही. तो म्हणे, "मी कोणाला आणू?" त्याचे लग्न राहून गेले होते.

मग नवराबायकोचे कागद जुळेनात. गावच्या चर्चच्या वहीत लग्नाची नोंद होती. त्यात नवऱ्याचे नाव एक, आणि कंपनीच्या दप्तरातून पुढे सगळीकडे गेलेले नाव दुसरे. कचेरीतला माणूस म्हणाला, ही बाई या नावाच्या माणसाची बायको कशावरून? प्रतिज्ञापत्रे झाली, जुन्या सोबत्यांच्या साक्षी झाल्या, गावाहून नकला मागवल्या. एका अक्षरापायी वर्ष गेले.

१९५६ साली बायको आली. सतराव्या वर्षी सोडलेली बायको अठ्ठेचाळीस वर्षांची होऊन समोर उभी राहिली. दोघे काय बोलले असतील? आम्हाला वाटते, प्रवास कसा झाला आणि जेवलीस का, एवढेच. तिने गाठोड्यात शेवग्याची बियाणे आणली होती. परसात लावली. कारल्याचा वेल चढवला. मनोंगला तिने वेगळे जेवू दिले नाही. महिन्याभरात त्या घराला घरपण आले.

पण मुलगा मागे राहिला. तो आता तीस वर्षांचा, लग्न झालेला. कायद्याच्या दृष्टीने तो मूल नव्हता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेने नवा कायदा केला, त्यात नागरिकांच्या लग्न झालेल्या मुलांनाही रांगेत जागा मिळाली. रांग सरकत सरकत १९७१ साली मुलाची पाळी आली. तो होनोलुलूच्या विमानतळावर उतरला, तेव्हा शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने बाप पहिल्यांदा पाहिला. फोटोवरून ओळखला. त्या लोकांत वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायची रीत आहे. मुलाने हात घेतला. काम सोडून वर्षे झाली तरी घट्टे गेले नव्हते. मुलगा गावी शाळामास्तर होता. त्याचे हात मऊ होते.

हवाईत त्याची मास्तरकी चालली नाही. तिथले दाखले नव्हते. एका हॉटेलात झाडलोट करू लागला. त्याची बायकोही तिथेच चादरी बदलू लागली. एका घरात तीन पिढ्या. धाकट्या मुलांच्या बोलीला शाळेत पोरे हसत, आणि हसणाऱ्यांत तिथेच जन्मलेली फिलिपिनो पोरेही असत. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण होते ते असे होते. पुढे मुले रुळली. त्यांच्यासारख्याच स्थलांतर करून आलेल्या बापाचा मुलगा बेंजामिन कायेतानो १९९४ साली हवाईचा गव्हर्नर झाला. त्याचा बाप हॉटेलात जेवण वाढणारा. आज हवाईत चार माणसांमागे साधारण एक फिलिपिनो वंशाचा आहे. ऊस मात्र संपला. शेवटचा मळा २०१६ साली बंद झाला.

आमच्या या घरातली एक गाठ अजून सुटली नव्हती. मुलाची थोरली मुलगी, म्हाताऱ्याची नात, १९७१ साली बावीस वर्षांची होती. एकवीस पुरी झाली म्हणून बापाच्या कागदावर तिला येता आले नाही. बापाने तिच्यासाठी वेगळा अर्ज केला. पण त्या अर्जाला अट अशी, की मुलगी बिनलग्नाची पाहिजे. लग्न केले की अर्ज रद्द. पुढे बाप नागरिक झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा अटीपायी कित्येक मुलींनी लग्ने लांबवली, आणि कित्येकींनी केस पिकवले. नातीने तीन वर्षे वाट पाहिली. मग तिने आजोबांना लिहिले, "एक चांगला मुलगा आहे. काय करू?"

घरात वाद झाला. बाप म्हणाला, थांब म्हणा. आई रडली. आजी काही बोलली नाही. एकतीस वर्षे वाट पाहिलेली बाई, तिने काय सांगावे?

म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि कागद घेतला. मनोंग वारून दोन वर्षे झाली होती, लिहून द्यायला कोणी नव्हते आणि आता कोणाची गरजही नव्हती. आपल्या बोलीत त्याने चार ओळी लिहिल्या. लग्न कर. आम्ही पेटी पाठवतो. साबण, कॉफी, डबे आणि तुझ्यासाठी कापड. खाली त्याने आपले नाव लिहिले, कंपनीच्या दप्तरातले नव्हे, चर्चच्या वहीतले, सगळी अक्षरे बरोबर.